टी पेशी, ॲक्टिन आणि काचेवरची कडी: या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी

टी पेशी आणि ॲक्टिन (पेशीच्या आतल्या सांगाड्याचे तंतू ज्याचे बनतात ते प्रथिन) या विषयात शिरलेला विद्यार्थी पहिल्या एक-दोन महिन्यांतच एक देखणं चित्र काढतो. काचेवर पसरलेली जुर्काट पेशी (प्रयोगशाळेत कायम वाढवता येणारी टी पेशींची जात), कडेने फॅलॉइडिनची, म्हणजे ॲक्टिन तंतूंना चिकटणाऱ्या चमकत्या रंगाची लखलखीत कडी, मधोमध अंधार. लॅब मीटिंगमध्ये सगळ्यांना आवडतं, पोस्टरवरही जातं. अडचण एवढीच की त्यातून पेशी पसरली एवढंच कळतं. सांगाड्यामुळे पेशी सक्रिय झाली, की सक्रिय झाल्यामुळे सांगाडा बदलला, हे त्यातून कळत नाही. या विषयातला जवळपास प्रत्येक प्रयोग शेवटी याच प्रश्नापाशी येऊन अडतो.

हे टिपण एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात या कामाला हात घालणाऱ्यांसाठी आहे. प्रतिकारशास्त्राची तोंडओळख आहे असं धरलं आहे.

आधी नेमकं घडतं काय

विश्रांतीतली टी पेशी ६ ते ८ मायक्रॉनची, गोल, आणि अंगभर बारीक बोटांसारखे मायक्रोव्हिलाय असलेली. प्रत्येक बोट साधारण १०० नॅनोमीटर जाडीचं, आत ॲक्टिन तंतूंची जुडी. टी पेशीचा प्रतिजनग्राही, म्हणजे टीसीआर, या बोटांच्या टोकांवर जास्त असतो. हा तपशील पुष्कळजण वाचून पुढे जातात, पण इथेच सांगाड्याचं पहिलं काम आहे. टीसीआर आणि समोरच्या पेशीवरचा पेप्टाइड-एमएचसी यांची जोडी जुळायची तर दोन्ही पेशींचे पडदे सुमारे १५ नॅनोमीटर अंतरावर यावे लागतात. पेशीच्या अंगावर मात्र त्याहून उंच प्रथिनांचं रान माजलेलं असतं. एलएफए-१ आणि आयकॅम-१ ही चिकटून धरणारी जोडीच ४० नॅनोमीटरच्या आसपास. त्या रानातून टोक आत घुसवायला ढकलणारं कोणीतरी हवं, आणि ते बळ ॲक्टिनचं बहुलकीकरण पुरवतं. जिथे पडदे इतके जवळ येतात तिथून सीडी४५ हा लांब हातांचा फॉस्फेटेज, म्हणजे फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइम, बाहेर फेकला जातो. तो दूर झाला की एलसीके या एन्झाइमने टीसीआरच्या शेपटांवर लावलेले फॉस्फेट टिकतात.

पुढची साखळी पाठ असायलाच हवी: एलसीके, मग झॅप-७०, मग लॅट आणि एसएलपी-७६. या मचाणावर दोन वाटा फुटतात. एक पीएलसी-गॅमा-१ मार्गे कॅल्शियमकडे जाते. दुसरी वॅव्ह१ (Vav1) मार्गे रॅक आणि सीडीसी४२ या स्विचसारख्या प्रथिनांकडे, म्हणजे परत सांगाड्याकडे. रॅक वेव्ह२ला (WAVE2) जागं करतो, सीडीसी४२ वॉस्पला. दोघंही आर्प२/३ला कामाला लावतात, आणि आर्प२/३ जुन्या तंतूवर सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी फांदी फोडतो. संदेश सांगाडा हलवतो, सांगाडा संदेश टिकवतो. कारण आणि परिणाम वेगळे काढणं अवघड का, ते या चक्राकडे पाहिलं की समजतं.

पसरलेल्या पेशीत ॲक्टिनचे तीन पट्टे दिसतात. अगदी कडेला आर्प२/३ने विणलेलं फांद्यांचं जाळं. त्याच्या आत फॉर्मिनने बनवलेले लांब तंतू, मायोसिन-२ने आवळून कमानीसारखे झालेले. आणि मध्यभागी ॲक्टिन अगदी विरळ. पण हे पट्टे जागच्या जागी बसलेले नसतात. कडेला नवं ॲक्टिन जुळत राहतं, आत कोफिलिन जुनं तोडत राहतो, आणि सगळं जाळं सतत केंद्राकडे सरकतं. जुर्काट पेशीत कडेजवळ हा वेग साधारण १०० नॅनोमीटर प्रति सेकंद, आत कमानींपाशी बराच कमी. टीसीआरचे सूक्ष्मपुंज कडेला तयार होतात आणि या सरकत्या जिन्यावर बसून मध्याकडे येतात. १९९८ साली कुप्फर यांच्या गटाने टी पेशी आणि समोरची पेशी यांच्यातल्या जोडात प्रथिनांची गोलात गोल अशी रचना दाखवली, तेव्हा मधला ठिपका हेच संदेशाचं केंद्र असं मानलं गेलं. पुढे कळलं की संदेश काही सेकंदांत, कडेच्या पुंजांतच सुरू होतो. मध्यात पोचलेले टीसीआर मुख्यतः आत ओढले जातात किंवा पुटिकांतून बाहेर टाकले जातात. जुने आढावा-लेख वाचताना हा बदल लक्षात ठेवा, नाहीतर २००० सालचं वाक्य २०२५च्या प्रबंधात जसंच्या तसं उतरतं.

आता मुद्द्याची गोष्ट. जास्प्लाकिनोलाइड हे औषध तंतूंना घट्ट करून तुटू देत नाही. त्याने जाळं जागेवर गोठवलं, तर ॲक्टिन भरपूर असतं पण वाहत नाही. अशा पेशींत झॅप-७०चं काम शाबूत राहतं, पण पुंजांतला पीएलसी-गॅमा-१चा फॉस्फेट कमी होतो आणि कॅल्शियम टिकत नाही. हे २०१२ साली दाखवलं गेलं. दुसरी बाजू वॉस्पच्या जनुकदोषाने होणाऱ्या विस्कॉट-ऑल्ड्रिच आजाराच्या अभ्यासातून येते. वॉस्प नसलेली टी पेशी काचेवर छान पसरते, कडीही करते, कारण ती कडी वेव्ह२च्या भरवशावर उभी असते. नाहीसे होतात ते टीसीआरच्या पुंजांपाशी उठणारे ॲक्टिनचे छोटे ठिपके. ते गेले की पीएलसी-गॅमा-१ आणि कॅल्शियम पुन्हा ढेपाळतात. म्हणजे कडी धडधाकट आणि पेशी अधू, असं प्रत्यक्षात घडतं. किती ॲक्टिन आहे यापेक्षा ते कुठे आहे आणि कुठल्या वेगाने सरकतं आहे, हे मोजायला शिका.

सूक्ष्मनलिकांबद्दल थोडक्यात. संपर्कानंतर काही मिनिटांत सेंट्रोसोम, म्हणजे सूक्ष्मनलिका जिथून निघतात ते केंद्र, जोडाकडे सरकतो. डायनिन हे मोटर-प्रथिन त्याला ओढतं, आणि मध्यातलं ॲक्टिन विरळ होणं हेही त्याच्या पथ्यावर पडतं. मारक टी पेशींत परफोरिनच्या कणिका याच वाटेने येतात. या भागावर काम करायचं असेल तर पेशी स्थिर करायची पद्धतच बदलते, ते खाली येईल.

पेशी कोणत्या घ्यायच्या

सुरुवात जुर्काट ई६.१ने होते आणि व्हावीच. स्वस्त, वाढायला सोपी, आणि तिचे तयार उत्परिवर्ती प्रकार मिळतात: एलसीके नसलेली जे.कॅम१.६, झॅप-७० नसलेली पी११६, एसएलपी-७६ नसलेली जे१४. पण जुर्काटमध्ये पीटेन हे प्रथिन नसतं. त्यामुळे पडद्यातलं पीआयपी३ हे संदेश देणारं लिपिड मुळातच चढं असतं आणि पेशी जरा जास्तच उत्साहाने पसरते. जुर्काटमध्ये दिसलेली गोष्ट रक्तातल्या टी पेशींत पुन्हा दाखवल्याशिवाय निष्कर्ष मांडू नये. परीक्षक हे विचारणारच.

पेशी परिचितांकडून कुपीत घालून आणण्याऐवजी मान्यताप्राप्त संग्रहातून घ्या. पुण्याच्या एनसीसीएसमध्ये राष्ट्रीय पेशीसंग्रह आहे. आल्या आल्या मायकोप्लाझ्मा (संवर्धनात लपून वाढणारे जिवाणू) तपासा आणि पुढे दर महिन्याला तपासत राहा. आरपीएमआय-१६४० हे माध्यम आणि १० टक्के सीरम यांत घनता मिलिलिटरला २ ते ८ लाखांच्या दरम्यान ठेवा. १० लाखांच्या पुढे गेलेल्या फ्लास्कमधल्या पेशी जिवंत दिसतात, पण टीसीआरला मंद प्रतिसाद देतात, आणि असा निकाल औषधाचा परिणाम समजून वहीत नोंदला जातो. जुर्काट फार पिढ्या वाढवल्या की काही पेशींवरचा सीडी३ (टीसीआरला जोडलेलं प्रथिन) उतरतो. महिन्यातून एकदा फ्लो सायटोमीटरवर पाहा. घसरण दिसली की नवी कुपी काढा.

रक्तातल्या पेशींसाठी संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आधी लागते. ती मिळायला कित्येक आठवडे जातात, म्हणून अर्ज प्रकल्पाच्या पहिल्याच महिन्यात टाका. १.०७७ घनतेच्या फायकॉलवरून पांढऱ्या पेशी, त्यातून चुंबकीय मण्यांनी सीडी४, मग एक रात्र विश्रांती. एक बारीक पण महत्त्वाची निवड: ज्यात नको असलेल्या पेशी मण्यांना चिकटून बाहेर जातात आणि तुमच्या पेशींना हात लागत नाही, असाच किट घ्या. सीडी३वर अँटिबॉडी बसवून वेगळ्या केलेल्या पेशी प्रयोगाआधीच चेतवलेल्या असतात. न चेतवलेल्या टी पेशी लहान असतात, कमी पसरतात आणि हाताळायला चिवट. सुरुवातीला सीडी३/सीडी२८ मण्यांनी वाढवलेल्या, सात-दहा दिवसांच्या पेशी बऱ्या पडतात.

काचेवरचा प्रयोग, पायरीपायरीने

कव्हरस्लिप क्रमांक १.५, म्हणजे ०.१७ मिलिमीटर जाडीचीच घ्या. उच्च क्षमतेचं ऑब्जेक्टिव्ह याच जाडीसाठी बनवलेलं असतं. एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात अर्धा तास, मग भरपूर पाणी, मग इथेनॉल, मग सुकवणं. अस्वच्छ काचेवर अँटिबॉडी ठिपक्याठिपक्यांनी बसते आणि पेशीही तशाच ठिपक्यांनी पसरतात.

सीडी३वरची अँटिबॉडी, ओकेटी३ किंवा यूसीएचटी१, पीबीएसमध्ये मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम. ३७ अंशांवर दोन तास किंवा ४ अंशांवर रात्रभर. तीनदा धुवा, १ टक्का बीएसएने अर्धा तास झाका. मधे काच सुकू देऊ नका, एकदा सुकली की ती टाकून द्या. पुष्कळ प्रोटोकॉलमध्ये आधी ०.०१ टक्के पॉली-एल-लायसिनचा थर सांगितलेला असतो, त्याबद्दल सावध राहा. धनभारित काचेवर टी पेशी नुसत्याच, प्रतिजन नसतानाही पसरू शकतात आणि कॅल्शियमही चढवू शकतात. म्हणजे ज्याला तुम्ही न चेतवलेला कंट्रोल म्हणता तोच अर्धवट चेतवलेला निघतो. विश्रांतीतली पेशी खरोखर पाहायची असेल तर ती द्रवात तरंगत असतानाच स्थिर करा आणि मग काचेवर चिकटवा.

पेशी २०० जीवर पाच मिनिटं फिरवून २५ मिलिमोलर हेपेस बफर घातलेल्या आरपीएमआयमध्ये घ्या, मिलिलिटरला १० लाख. हेपेस नसेल तर इनक्युबेटरबाहेर माध्यम काही मिनिटांत गुलाबी-जांभळं होतं, पीएच चढतो आणि पेशी रुसतात. दहा-पंधरा मिनिटं ३७ अंशांवर स्थिरावू द्या. आठ खणांच्या स्लाइडमध्ये खणाला १०० मायक्रोलिटर, म्हणजे एक लाख पेशी. त्याहून जास्त घातल्या तर पेशी एकमेकींना खेटतात आणि कडेचं मोजमाप बिघडतं.

वेळ मोजण्यातली चूक इथे सर्वांत जास्त होते. पेशी घातल्या तो क्षण शून्य धरला जातो, पण खणातल्या द्रवाची उंची एक-दोन मिलिमीटर असते आणि वरच्या थरातल्या पेशीला तळ गाठायला काही मिनिटं लागतात. ‘पाच मिनिटं’ असं लिहिलेल्या नमुन्यात साडेचार मिनिटं पसरलेली पेशी असते आणि नुकतीच टेकलेलीही. त्यांची सरासरी काढून अर्थ लागत नाही. उपाय दोन: दुसऱ्या मिनिटाला न चिकटलेल्या पेशी गरम माध्यमाने हळूच धुवून काढा आणि तिथून वेळ धरा, किंवा जिवंत चित्रण करा, ज्यात प्रत्येक पेशीचा शून्य क्षण तिचा स्वतःचा असतो.

स्थिर करताना ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, पण ३७ अंशांवर गरम केलेलं. फ्रिजमधून काढून तसंच ओतलं तर थंडीने सूक्ष्मनलिका विरघळतात आणि कडेचं बारीक जाळंही आखडतं. नुसत्या पीबीएसऐवजी सांगाड्यासाठीचा बफर वापरा: १० मिलिमोलर एमईएस, १३८ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, ३ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, २ मिलिमोलर ईजीटीए, पीएच ६.१. जोडीला ०.३२ मोलर सुक्रोज घातलं तर पेशी कमी आक्रसते. दहा ते पंधरा मिनिटं पुरेत. मग ०.१ टक्का ट्रायटन, पाच मिनिटं. बाटलीतलं ३७ टक्के फॉर्मलिन पातळ करून वापरू नका, त्यात स्थिर राहावं म्हणून मिथेनॉल घातलेलं असतं, आणि मिथेनॉल तंतूंची ठेवण बिघडवतं, मग फॅलॉइडिनला बसायला जागा राहत नाही. फॅलॉइडिनचा रंग फिका आला आणि सगळं बाकी ठीक असलं, तर पहिला संशय फिक्सेटिव्हच्या बाटलीवर घ्या.

फॅलॉइडिन १६५ नॅनोमोलर, अंधारात अर्धा तास. ते काही दिवसांत सुटत जातं, म्हणून तीव्रता मोजायची असेल तर सगळे नमुने एकाच दिवशी, एकाच लेसर सेटिंगवर घ्या. सेंट्रोसोमसाठी पेरिसेंट्रिन किंवा गॅमा-ट्युब्युलिनची अँटिबॉडी आणि उणे २० अंशांचं मिथेनॉल हा सोपा मार्ग. पण वर सांगितलेल्या कारणाने त्याच कव्हरस्लिपवर फॅलॉइडिन चालणार नाही. दोन्ही एकत्र हवं असेल तर पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये ०.१ ते ०.२५ टक्के ग्लुटराल्डिहाइड मिसळा आणि नंतर ताज्या सोडियम बोरोहायड्राइडने त्याची स्वतःची चमक विझवा.

या मांडणीची एक मर्यादा पक्की लक्षात ठेवा. काचेवरची अँटिबॉडी घट्ट बसलेली असते, त्यामुळे तिला धरलेला टीसीआर मध्याकडे फारसा जाऊ शकत नाही. टीसीआरचं केंद्राकडे जाणं दाखवायचं तर आधारित लिपिड द्विस्तर, म्हणजे काचेवर पसरलेला पेशीपडद्यासारखा थर लागतो, ज्यात आयकॅम-१ आणि एमएचसी किंवा अँटिबॉडी मोकळेपणी पोहतात. तो शिकायला काही महिने जातात. दर वेळी फ्रॅप करून (लेसरने एक ठिपका विझवून तो पुन्हा उजळतो का ते पाहून) प्रथिनं खरंच हलतात का हे पाहिल्याशिवाय त्या दिवशीचा प्रयोग सुरू करू नका. न हलणारा द्विस्तर म्हणजे महागडी काच.

पेशीला पेशीच भेटवायची असेल तर जुर्काट आणि राजी बी पेशी ही जुनी जोडी आहे. राजी पेशींना निळा पेशीरंग देऊन स्टॅफिलोकॉकसचं एसईई हे अतिप्रतिजन मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम, अर्धा तास. जुर्काटशी एकास एक, ३७ अंशांवर पंधरा मिनिटं. नंतर पिपेटने जोरात ढवळलं तर जोड्या सुटतात. टोक कापलेली टिप वापरा. निळा रंग यासाठी की दोन जुर्काट एकमेकींना चिकटल्या तर त्या जोडीत मोजल्या जाऊ नयेत.

औषधं आणि त्यांच्या खोडी

लॅट्रुंक्युलिन-ए अर्धा ते एक मायक्रोमोलर मोकळ्या ॲक्टिनला पकडून ठेवतं आणि काही मिनिटांत जाळं ढासळतं. सीके-६६६ आर्प२/३ला थांबवतं, ५० ते १०० मायक्रोमोलर. त्याच्या जोडीचा निष्क्रिय कंट्रोल सीके-६८९ विकत मिळतो, तो घ्याच. एसएमआयएफएच२ फॉर्मिनसाठी म्हणून वापरलं जातं, पण ते मायोसिनलाही अडवतं असं पुढे दिसून आलं, त्यामुळे कमानी नाहीशा झाल्या म्हणजे फॉर्मिनच कारण, असं केवळ त्यावरून म्हणता येत नाही. ब्लेबिस्टॅटिन, ५० मायक्रोमोलर, निळ्या प्रकाशात निकामी होतं आणि वर विषारी बनतं. ४८८चा लेसर लावून ब्लेबिस्टॅटिनमधल्या जीएफपी पेशी पाहणं म्हणजे प्रयोग स्वतःच मोडणं. लाल प्रथिन घ्या किंवा प्रकाशाला टिकणारा नायट्रो-ब्लेबिस्टॅटिन घ्या.

जास्प्लाकिनोलाइडची खोड सर्वांत फसवी. ते तंतूवर फॅलॉइडिनच्याच जागी बसतं. म्हणून जास्प्लाकिनोलाइड दिलेल्या पेशीत फॅलॉइडिन कमी दिसलं तर ॲक्टिन कमी झालं असं होत नाही. फ्लो सायटोमीटरवर सरासरी तीव्रता उतरली की उलटा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. इथे ॲक्टिन मोजायला अँटिबॉडी किंवा जनुकीय खूण वापरा.

औषध कधी दिलं यावर उत्तर बदलतं. पेशी काचेवर टाकण्याआधीच लॅट्रुंक्युलिन दिलं तर पेशी नीट टेकतच नाही, आणि मग संदेश आला नाही याचं कारण सांगाडा की न झालेला संपर्क, हे सांगता येत नाही. आधी पसरू द्या, कॅल्शियम चढू द्या, मग पाचव्या-सहाव्या मिनिटाला औषध घाला. तेव्हा कॅल्शियम कोसळलं तर संदेश टिकवण्यात सांगाड्याचा हात आहे असं म्हणता येतं. १९९५ सालीच सायटोकॅलॅसिनने हा मुद्दा दाखवला गेला होता, आणि प्रयोगाची ती आखणी आजही सर्वांत स्वच्छ वाटते. औषधं ज्यात विरघळवतात ते डीएमएसओ सगळ्या खणांत सारखं ठेवा, ०.१ ते ०.५ टक्क्यांच्या आत. औषध घालताना थंड थेंब टाकू नका; खणातल्या माध्यमाइतक्याच आकारमानाचं, दुप्पट तीव्रतेचं गरम द्रावण करून मिसळलं तर ते सगळीकडे सारखं पसरतं.

जिवंत पेशी आणि वेग

ॲक्टिन पाहायला लाइफॲक्ट सगळीकडे वापरतात: ॲक्टिनला चिकटणारा, १७ अमिनो आम्लांचा छोटा तुकडा. तो जास्त झाला तर स्वतःच तंतूंचं वागणं बदलतो. एफ-ट्रॅक्टिन या दुसऱ्या खुणेने कमानी जास्त स्पष्ट दिसतात. ॲक्टिनला थेट जीएफपी जोडलं तर फॉर्मिनला ते पसंत पडत नाही, म्हणून कमानी फिक्या येतात. काहीही घ्या, पण सर्वांत उजळ पेशी सोडून मंद पेशी निवडा. डोळा नेमका उलट करतो.

टर्फ सूक्ष्मदर्शकात काचेपासून १०० ते २०० नॅनोमीटरचाच थर उजळतो, त्यामुळे संपर्काची पातळी स्वच्छ दिसते. तेलाचं ऑब्जेक्टिव्ह काचेतून उष्णता ओढून घेतं. स्टेज ३७ अंशांवर असला तरी पेशी तीन-चार अंश थंड असू शकते आणि प्रवाह मंदावतो. ऑब्जेक्टिव्हला वेगळा हीटर नसेल तर मोजलेला वेग दुसऱ्या कोणाच्या वेगाशी ताडू नका.

आकडे असे बसतात. १०० पटीचं ऑब्जेक्टिव्ह आणि ६.५ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा असेल तर एक पिक्सेल म्हणजे ६५ नॅनोमीटर. प्रवाह सेकंदाला १०० नॅनोमीटर आणि दर २ सेकंदांनी एक फ्रेम, म्हणजे दोन फ्रेममध्ये जाळं सुमारे ३ पिक्सेल सरकतं. कायमोग्राफला (एका रेघेवरची चमक काळानुसार शेजारी शेजारी मांडलेलं चित्र) हे उत्तम. दर १० सेकंदांनी घेतलं तर १५ पिक्सेलची उडी होते आणि कुठला ठिपका कुठला हे ओळखता येत नाही. फिजी या चित्रं मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये कडेला काटकोनात रेघ ओढून कायमोग्राफ काढा. तिरप्या रेषांचा उतार म्हणजे वेग. रेघ काटकोनात नसली की वेग चुकीचा येतो, म्हणून प्रत्येक पेशीत तीन-चार ठिकाणी रेघा ओढा आणि त्यांचं एकच मूल्य धरा.

कॅल्शियमसाठी फ्युरा-२ एएम हा चमकता रंग, १ ते ५ मायक्रोमोलर, अर्धा तास. ३४० आणि ३८० नॅनोमीटरचं गुणोत्तर. विश्रांतीत पेशीतलं कॅल्शियम १०० नॅनोमोलरच्या आसपास किंवा त्याखाली, चेतल्यावर मायक्रोमोलरच्या घरात. शेवटी प्रत्येक खणात १ मायक्रोमोलर आयोनोमायसिन (टीसीआरशिवायच पेशीत कॅल्शियम चढवणारं रसायन) टाका: त्यालाही प्रतिसाद न देणारी पेशी मेलेली आहे किंवा तिच्यात रंगच शिरलेला नाही, ती मोजणीतून काढा. सांगाड्याचा परिणाम साठ्यातून कॅल्शियम सुटण्यावर आहे की बाहेरून आत येण्यावर, हे पाहायचं तर आधी कॅल्शियमविरहित माध्यमात चेतवा, पहिला छोटा उंचवटा मोजा, मग २ मिलिमोलर कॅल्शियम परत घाला.

आकडेवारीत एकच गोष्ट आवर्जून. एका काचेवरच्या ५० पेशी म्हणजे ५० प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या काचेवर, किंवा वेगळ्या रक्तदात्याच्या पेशींवर केलेला प्रयोग तो एक. किमान तीन असे प्रयोग, प्रत्येकात ३० ते ५० पेशी, आणि तुलना प्रयोगांच्या सरासऱ्यांची. फाइलींची नावं दुसऱ्याकडून बदलून घेऊन मग मोजा. पसरलेली पेशी निवडण्याची सवय कोणालाच सुटत नाही.

लॅब निवडताना

या विषयात जीवशास्त्राइतकंच भौतिकशास्त्र चालतं. बी.एस्सी. फिजिक्स केलेल्यांना इथे खरंच मागणी आहे, आणि जीवशास्त्रातून आलेल्यांनी फिजी आणि थोडं पायथन पहिल्याच वर्षी शिकून घ्यावं. २०२३पासून जेआरएफची (कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्तीची) रक्कम महिना ३७,००० रुपये आहे, अधिक घरभाडं. सीएसआयआर-नेट किंवा डीबीटीची परीक्षा स्वतः पास असाल तर लॅब निवडायला मोकळीक जास्त मिळते. प्रकल्पाच्या पैशांवर आलात तर प्रकल्प संपेल तेव्हा काय, हे आधीच विचारा.

नुसतं मूलभूत काम नको असेल तर दोन दिशा उघड्या आहेत. एक निदानाची. वॉस्प, डॉक८, एआरपीसी१बी, कोरोनिन-१ए यांतल्या जनुकदोषांनी मुलांना वारंवार संसर्ग होतात. वॉस्पच्या दोषात बारक्या प्लेटलेट आणि एक्झिमाही. वॉस्पचं जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणून रुग्ण बहुतेक मुलगेच. मुंबईत परळला आयसीएमआरची एनआयआयएच ही संस्था प्राथमिक प्रतिकारक्षमता-न्यूनतेवर काम करते, आणि फ्लो सायटोमीटरवर पेशीतलं वॉस्प मोजण्यासारखं कौशल्य अशा ठिकाणी थेट कामी येतं. दुसरी दिशा कार-टी पेशींची, म्हणजे कृत्रिम ग्राही बसवून कर्करोगावर सोडलेल्या टी पेशींची. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मंजुरी मिळाली. कार ग्राहीने बनवलेला जोड टीसीआरच्या जोडासारखा गोलात गोल असा रेखीव नसतो, विस्कळीत असतो, तरी पेशी मारते. का, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

मुलाखतीला जाल तेव्हा प्रकाशनं विचारण्याआधी सूक्ष्मदर्शक विचारा. टर्फ लॅबचा स्वतःचा की सामायिक? आठवड्याला किती तास मिळतात, आणि ते तास दिवसाचे की रात्रीचे? जिवंत टी पेशींचा प्रयोग सकाळी पेशी धुण्यापासून शेवटच्या फ्रेमपर्यंत सहज सात-आठ तास घेतो, दोन तासांच्या बुकिंगमध्ये तो बसत नाही. डेटा कुठे ठेवतात हेही विचारा. २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलची १६ बिटची एक फ्रेम ८ एमबी. दोन रंग, पाच मिनिटं, दर दोन सेकंदांनी, म्हणजे एका खणाची एक फिल्म अडीच जीबी. एक पसरलेली पेशी २३० पिक्सेलमध्ये मावते, म्हणून कॅमेऱ्यावर आधीच ५१२ची चौकट कापून घ्या. तीच फिल्म मग १६० एमबीच्या आत येते.